आकृती ३.२ पाहिली तर भलतंच यंत्र: लाटेक आणि वर्डमध्ये परत परत बिघडणारे संदर्भ क्रमांक

सोलापुरात तांत्रिक पुस्तकांची मांडणी करणाऱ्या माझ्यासारख्याकडे मुख्यतः दोन प्रकारची कामं येतात. उन्हाळ्याच्या तोंडावर इंजिनिअरिंगवाल्यांचे प्रोजेक्ट रिपोर्ट आणि प्रबंध, आणि वर्षभर अधूनमधून अक्कलकोट रोड एमआयडीसीकडची यंत्रमागांची मॅन्युअल्स. दोन्हीकडची तक्रार एकच. मागच्या प्रतीत सगळे आकडे बरोबर होते, मध्ये एक आकृती वाढवली आणि पुढचं सगळं घसरलं. मग फोन येतो, "आकडे तेवढे बदलून द्या की हो." आकडे बदलून दिले की पुढच्या आवृत्तीला तोच फोन, तीच विनंती.

आकडे हाताने बदलणं हा उपाय नाही. आजार टिकून राहतो तो त्यामुळेच. पण 'सगळं ऑटोमॅटिक करा' एवढं सांगूनही भागत नाही, कारण ऑटोमॅटिक केलेल्या फाइलीही बिघडतात, आणि जास्त फसव्या पद्धतीने बिघडतात. म्हणून खाली एकेक लक्षण घेऊन कारण आणि इलाज लिहितो. आधी लाटेक, म्हणजे मजकुरात कमांड लिहून पानं मांडणारी प्रणाली, मग वर्ड.

कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीत आणि आधी बॅकस्लॅश लावून येतात, हे लाटेकवाल्यांना सांगायला नको.

लक्षण पहिलं: आकड्याच्या जागी दोन प्रश्नचिन्हं

याला घाबरू नका. प्रश्नचिन्ह म्हणजे यंत्र प्रामाणिकपणे सांगतंय की मला आकडा सापडला नाही. लाटेक पानं एका दमात, वरून खाली मांडत जातं. विसाव्या पानावर चाळिसाव्या पानावरच्या तक्त्याचा उल्लेख आला, तर त्या क्षणी तक्त्याचा क्रमांक ठरलेलाच नसतो. म्हणून पहिल्या फेरीत लेबलांचे (लेबल म्हणजे आकृतीला किंवा तक्त्याला आपण दिलेलं खुणेचं नाव; रेफ ही कमांड त्यावरून आकडा आणते) आकडे ऑक्स नावाच्या एका मदतनीस फाइलमध्ये लिहून ठेवले जातात, आणि दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला ती फाइल वाचली जाते. शेवटी लाटेक जुने आणि नवे आकडे ताडून पाहतं. फरक दिसला तर लॉगमध्ये, म्हणजे फेरीच्या नोंदींच्या फाइलीत, 'लेबल्स मे हॅव चेंज्ड, रीरन' असा इशारा देतं. तो इशारा असेपर्यंत पीडीएफ कोणालाही पाठवू नये. अनुक्रमणिका असेल तर दोन फेऱ्याही पुरत नाहीत, कारण अनुक्रमणिकेने पानं खाल्ली की पुढचे पानक्रमांक सरकतात.

फेऱ्या मोजत बसण्यापेक्षा लाटेक-एमके हा प्रोग्रॅम वापरा. आकडे स्थिर होईपर्यंत तो स्वतःच फेऱ्या मारतो. ओव्हरलीफ या ऑनलाइन लाटेकवर आतून हेच चालतं.

फेऱ्या होऊनही प्रश्नचिन्ह राहिलं, तर दहापैकी नऊ वेळा लेबलच्या नावात टायपिंगची चूक असते. मोठं-छोटं रोमन अक्षर वेगळं मोजलं जातं, अंडरस्कोर आणि आडवी रेघ वेगळी. लॉगमध्ये न सापडलेलं नाव जसंच्या तसं येतं. ते कॉपी करून सगळ्या फाइलींत शोधलं की काम झालं.

मध्येच वीज गेली किंवा कंपाइल (लाटेकची फेरी) अर्ध्यावर थांबवलं, तर ऑक्स फाइल अर्धवट लिहिलेली राहते आणि पुढच्या वेळी मूळ मजकुरात नसलेल्या कंसांबद्दल चित्रविचित्र एरर येतात. हायपररेफसारखं (पीडीएफमध्ये दुवे घालणारं) पॅकेज, म्हणजे लाटेकला जोडलेली पुरवणी, काढल्यावरही जुन्या ऑक्समुळे असंच होऊ शकतं. ऑक्स फाइल डिलीट करा आणि पहिल्यापासून कंपाइल करा. तिच्यात तुमचं स्वतःचं काहीच लिहिलेलं नसतं, त्यामुळे जायचं काही नाही.

लक्षण दुसरं: आकडा छान छापलाय, पण चुकीचा आहे

खरा त्रास इथे आहे, कारण इथे कोणीच ओरडत नाही.

समजा मॅन्युअलचं तिसरं प्रकरण धोटा आणि पिकिंगचं आहे. त्यातला विभाग ३.२ वंगणाचा. त्या विभागात पिकरची, म्हणजे धोट्याला फटका देणाऱ्या भागाची, आकृती येते. ती प्रकरणातली चौथी, म्हणजे आकृती ३.४. मूळ फाइलमध्ये फिगर सुरू होतं, चित्र येतं, मग लेबल लिहिलेलं आहे आणि त्याखाली कॅप्शन. कंपाइल होतं, लॉग स्वच्छ. मजकुरात छापलं जातं, "पिकर बदलण्यापूर्वी आकृती ३.२ पहा." आणि आकृती ३.२ पुस्तकात खरोखरच आहे. ती ब्रेकची आहे. प्रूफ वाचणारा 'आकृती ३.२ आहे का' एवढं पाहतो, आहे म्हणतो आणि पुढे जातो. मागाजवळ उभा असलेला फिटर मात्र पिकरचा बोल्ट ब्रेकच्या चित्रात शोधत बसतो.

असं का होतं? लेबल ही कमांड चित्राला ओळखत नाही आणि कॅप्शनलाही नाही. ती फक्त 'आत्ता चालू असलेला क्रमांक' उचलते. तो क्रमांक ठरवते रेफस्टेपकाउंटर ही आतली कमांड. विभाग सुरू झाला की चालू क्रमांक विभागाचा होतो. फिगर सुरू झालं म्हणून तो बदलत नाही, बदलतो तो कॅप्शन आल्यावरच. कॅप्शनच्या आधी लेबल लिहिलं तर त्याच्या हाती लागतो विभागाचा ३.२.

म्हणून नियम एकच: लेबल कायम कॅप्शनच्या नंतर, किंवा कॅप्शनच्याच कंसात शेवटी. नियम बहुतेकांनी ऐकलेला असतो, तरीही चूक होते, कारण तिची आणखी दोन रूपं आहेत.

एक म्हणजे कॅप्शन एखाद्या मिनिपेजच्या (पानातल्या छोट्या चौकटीच्या) आत आणि लेबल त्याच्या बाहेर. चालू क्रमांकाचा बदल गटापुरताच टिकतो. मिनिपेज संपलं की तो विसरला जातो आणि लेबल पुन्हा विभागाचा आकडा उचलतं. दोन चित्रं शेजारी शेजारी बसवताना हे हमखास होतं, आणि इथे लेबल कॅप्शनच्या नंतरच दिसत असल्यामुळे डोळ्यांना चूक सापडत नाही. लेबल त्याच मिनिपेजच्या आत घ्या.

दुसरं रूप तारांकित शीर्षकांचं. 'सुरक्षेच्या सूचना' असा विभाग क्रमांकाशिवाय हवा म्हणून सेक्शनला तारा लावलेला असतो आणि खाली लेबल असतं. ताऱ्यामुळे काउंटर, म्हणजे मोजणी, वाढतच नाही, म्हणून लेबलला मिळतो आधीच्या विभागाचा आकडा. ज्याला क्रमांकच नाही त्याच्याकडे क्रमांकाने बोट दाखवता येत नाही. तिथे पेजरेफ वापरून 'पान अमुक पहा' असं लिहा, किंवा नेमरेफने शीर्षकच आणा.

प्रबंधवाल्यांसाठी समीकरणाचं एवढंच: लेबल इक्वेशनच्या आत लिहा, आणि रेफऐवजी ईक्यूरेफ वापरा म्हणजे कंस आपोआप येतील. दोन-दोन डॉलर चिन्हांत लिहिलेल्या समीकरणाला क्रमांक नसतो, तिथे लेबल लिहून उपयोग नाही.

ही मुकी चूक पकडायची कशी

पाचशे पानांच्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक लेबल डोळ्यांनी तपासणं शक्य नाही. दोन युक्त्या आहेत.

पहिली युक्ती ऑक्स फाइलमध्येच आहे. ती साधी मजकूर फाइल असते, कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. न्यूलेबलने सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीत आधी लेबलचं नाव, मग आकडा, मग पान असतं. हायपररेफ चालू असेल तर पुढे शीर्षक आणि दुव्याचं नावही येतं. हे दुव्याचं नाव कामाचं. लेबल बरोबर असेल तर ते 'फिगर'ने सुरू होतं, फसलेलं असेल तर 'सेक्शन' किंवा 'चॅप्टर'ने. आता जर तुम्ही सगळ्या आकृत्यांच्या लेबलांना 'फिग' आणि तक्त्यांच्या लेबलांना 'टॅब' असं उपपद नावाआधी शिस्तीने लावलेलं असेल, तर ज्या ओळीत नाव 'फिग'चं आणि दुवा 'सेक्शन'चा, ती प्रत्येक ओळ गुन्हेगार. ग्रेप हे मजकूर शोधायचं साधन वापरणाऱ्याला हे एका ओळीचं काम आहे. उपपदं लावायची शिस्त शोभेसाठी नाही, ती अशी कामी येते.

दुसरी युक्ती मला जास्त आवडते. मजकुरात 'आकृती' हा शब्द हाताने टाइप करायचाच नाही. क्लेव्हररेफ पॅकेज घ्यायचं आणि रेफऐवजी सीरेफ लिहायचं, म्हणजे नाव आणि आकडा दोन्ही यंत्र लिहितं. लोक हे टायपिंग वाचावं म्हणून वापरतात. माझ्या मते खरा फायदा वेगळाच आहे. वरच्या उदाहरणात 'आकृती' माणसाने लिहिलं होतं आणि ३.२ यंत्राने, म्हणून चूक झाकली गेली. सीरेफ असतं तर तिथे छापलं गेलं असतं, "पिकर बदलण्यापूर्वी विभाग ३.२ पहा." प्रूफ वाचणाऱ्याला हे लगेच खटकतं. आकृती बघायला सांगायच्या जागी वंगणाचा विभाग कशाला? जुन्या फाइलमधले सगळे रेफ सीरेफ करून एकदा पीडीएफ काढली की वर्षानुवर्षं दडलेल्या चुका एका बैठकीत वर येतात.

क्लेव्हररेफ मराठीत बसवताना

क्लेव्हररेफला मराठी येत नाही. त्यामुळे पहिल्यांदा लावल्यावर मराठी वाक्याच्या मधोमध इंग्रजी 'फिग.' उमटतं. सीरेफनेम कमांडने आकृती, तक्ता, समीकरण, विभाग, प्रकरण यांची एकवचनी आणि अनेकवचनी नावं प्रीॲम्बलमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या भागात, द्या. दोन आकड्यांच्या मधला 'अँड' आणि मालिकेतला 'टू' वेगळ्या कमांडने बदलावे लागतात. तिथे 'व' आणि 'ते' लिहिलं की 'आकृत्या ३.२ ते ३.५' असं नीट येतं.

विभक्तीचा घोळ इथेच उभा राहतो. यंत्र 'तक्ता ४.१' छापणार, वाक्याला हवं 'तक्त्यात'. यंत्राला सामान्यरूप शिकवण्याच्या नादी लागू नका. नाव 'तक्ता क्र.' असं द्या आणि प्रत्यय आकड्यानंतर सुटा लिहा: 'तक्ता क्र. ४.१ मध्ये', 'तक्ता क्र. ४.१ वरून'. सरकारी कागदांची सवय असलेल्या मराठी वाचकाला यात काही वावगं वाटत नाही. अगदीच 'तक्त्यातील' असं रूप हवं असेल तर लेबलसीरेफने फक्त आकडा घ्या, पण त्या जागी वरची तपासणी गमावता, हे लक्षात असू द्या.

पॅकेजांचा क्रम चुकला तरी नावं आणि दुवे बिघडतात. व्हेरिओरेफ (संदर्भाला पानाचा उल्लेख जोडणारं पॅकेज) असेल तर आधी ते, मग हायपररेफ, आणि क्लेव्हररेफ या दोघांच्याही नंतर. प्रमेय, व्याख्या वगैरेंसाठी न्यूथिअरम वापरत असाल तर त्या ओळी क्लेव्हररेफच्या खाली न्या, नाहीतर प्रमेयाला त्याचं नाव मिळत नाही.

देवनागरी आकडे हवे असतील तर पॉलिग्लॉसिया या भाषांच्या पॅकेजात मराठीसाठी अंकांचा पर्याय आहे, तो पुस्तकाच्या सुरुवातीलाच ठरवा. अर्धे आकडे यंत्राचे देवनागरी आणि अर्धे हाताने टाइप केलेले इंग्रजी अशी खिचडी दिसली, तर समजा की हाताने लिहिलेले संदर्भ अजून शिल्लक आहेत.

हाताने लिहिलेले संदर्भ हुडकणं

जुनी फाइल हातात आली की मी सगळ्यात आधी एक शोध लावतो: 'आकृती', 'तक्ता', 'समीकरण', 'पान' यांतला कुठलाही शब्द, मग मोकळी जागा, मग कुठल्याही लिपीतला आकडा. रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुन्यावरून शोध) चालणाऱ्या कुठल्याही एडिटरमध्ये हे होतं. सापडलेली प्रत्येक जागा म्हणजे पुढच्या आवृत्तीतला एक फोन. शोधाचं उत्तर शून्य येईपर्यंत बाकी कामाला हात लावू नये. 'आकृति' असं ऱ्हस्व लिहिणारेही असतात, तेही धरा. 'वरील आकृतीत', 'खालील तक्त्यात' हे वेगळे शोधा. लाटेक चित्रं सरकवतं, त्यामुळे 'खालील' तक्ता पुढच्या पानाच्या डोक्यावर जाऊन बसलेला असतो.

मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला असेल तर हा शोध काहीच दाखवत नाही, कारण पडद्यावर 'आकृती' दिसली तरी आत भलतीच अक्षरं असतात. आधी युनिकोड करा, मग शोधा. नवी पेठेपासून जुळे सोलापूरपर्यंत अशा फाइलींचे ढीग पडलेत आणि मॅन्युअलची जुनी आवृत्ती बहुतेक वेळा तशाच फाइलीतून येते. पेजमेकर या पान मांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या मजकुरात तर जिवंत संदर्भ नसतातच, सगळे आकडे हाताचे. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये क्रॉस-रेफरन्सची सोय सीएस४ पासून, म्हणजे २००८ पासून आहे. ती वापरणारे मात्र मला क्वचितच भेटतात.

वर्डमध्ये काम असेल तर

कॉलेजच्या नमुन्यात वर्डच लागतं, त्याला इलाज नाही. वर्डचं यंत्रही याच तत्त्वावर चालतं, फक्त झाकलेलं असतं. इन्सर्ट कॅप्शनने टाकलेला आकडा हे एक मोजणी करणारं फील्ड, म्हणजे वर्डने स्वतः भरायची जागा, असतं. क्रॉस-रेफरन्स टाकला की वर्ड त्या कॅप्शनभोवती एक लपलेला बुकमार्क (खूण) घालतं आणि तुमच्या वाक्यात त्या बुकमार्ककडे बोट दाखवणारं दुसरं फील्ड. ऑल्ट आणि एफ९ दाबलं की ही फील्डं उघडी दिसतात. कुठला आकडा खरा आणि कुठला हाताने लिहिलेला, हे ओळखायला याहून सोपी वाट नाही. लेबलच्या यादीत 'आकृती' नसतं, ते कॅप्शनच्या खिडकीत नवीन लेबल म्हणून एकदा घालायचं.

आकडे जुनेच दिसतायत? वर्ड ते स्वतःहून ताजे करत नाही. कंट्रोल-ए, मग एफ९. यात एक मेख आहे. कंट्रोल-ए फक्त मुख्य मजकूर निवडतं, टेक्स्ट बॉक्समधला नाही. चित्र आणि कॅप्शन एकत्र राहावं म्हणून अनेकजण दोन्ही टेक्स्ट बॉक्समध्ये ठेवतात, आणि नेमके तेच आकडे मागे राहतात. कॅप्शन टेक्स्ट बॉक्समधून बाहेर काढा. चित्राला 'इन लाइन विथ टेक्स्ट' ठेवा आणि चित्राच्या परिच्छेदाला 'कीप विथ नेक्स्ट' लावा, तेवढं पुरतं.

'एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड' आलं तर बुकमार्क मेला आहे. कोणीतरी कॅप्शन पुसून नवीन टाइप केलं, नाहीतर दुसऱ्या फाइलीतून चिकटवलं. फील्डची मलमपट्टी होत नाही, क्रॉस-रेफरन्स नव्याने टाकावा लागतो. हे छपाईच्या क्षणी उमटतं तेव्हा फार लागतं, कारण पडद्यावर तोवर जुना आकडा शाबूत असतो आणि 'अपडेट फील्ड्स बिफोर प्रिंटिंग' चालू असेल तर प्रिंट देताना फील्ड ताजं होतं. म्हणून छपाईच्या आदल्या दिवशीच सगळी फील्डं ताजी करून 'एरर' हा शब्द शोधा.

संदर्भाच्या जागी अख्खा परिच्छेद येऊन बसला, असंही होतं. कोणीतरी शीर्षकाच्या सुरुवातीला कर्सर ठेवून एंटर मारलेलं असतं आणि नवा मजकूर बुकमार्कच्या पोटात गेलेला असतो. नवीन परिच्छेद हवा असेल तर आधीच्या परिच्छेदाच्या शेवटी एंटर मारायचं, शीर्षकाच्या आधी नाही. आणि ट्रॅक चेंजेस, म्हणजे बदलांची नोंद ठेवणारी सोय, चालू असताना पुसलेलं कॅप्शन मोजणीत राहतं. गाइडनी सुधारणा करून पाठवलेल्या फाइलीत आकृती ५ नंतर थेट ७ आली, तर आधी बदल स्वीकारा, मग एफ९.

दोन मॅन्युअल्स एकमेकांकडे बोट दाखवतात तेव्हा

इकडच्या मागवाल्यांसाठी मॅन्युअल मराठीत आणि तेलुगूत असं दोन्ही लागतं, कारण पूर्व भागातल्या कामगारांत घरी तेलुगू बोलणारे खूप आहेत. इथे लेबलांची नावं रोमन लिपीतच ठेवा आणि दोन्ही भाषांत तीच ठेवा. सीरेफनेम तेवढी प्रत्येक भाषेची वेगळी. अनुवादकाने एखादं लेबल चुकून पुसलं तर त्याच भाषेच्या लॉगमध्ये ते लगेच कळतं.

सुट्या भागांची यादी वेगळ्या पुस्तिकेत असते आणि मॅन्युअलमधून तिच्या तक्त्यांचा उल्लेख करावा लागतो. त्यासाठी एक्सआर पॅकेज आहे, हायपररेफसोबत एक्सआर-हायपर. एक्स्टर्नलडॉक्युमेंट कमांडने दुसऱ्या पुस्तिकेची ऑक्स फाइल वाचली जाते. दोन्हीकडे एकाच नावाचं लेबल असू शकतं, म्हणून बाहेरच्या लेबलांना उपपद द्यायची सोय आहे, ती वापराच. नेहमीची गडबड ही की यादी बदलली, तिची पीडीएफही नवी आली, पण मॅन्युअल शेजारच्या फोल्डरमधली जुनी ऑक्स वाचत राहिलं. आकडा येतो, इशारा येत नाही, कारण मॅन्युअलच्या दृष्टीने सगळं सापडलेलं आहे. दोन्ही पुस्तिका एकाच फोल्डरमधून कंपाइल करा. आधी यादी, मग मॅन्युअल, आणि यादीतही मॅन्युअलच्या आकृत्यांचे संदर्भ असतील तर यादी पुन्हा एकदा.